सरांचा बायोडेटा

हा लेख म्हटला तर माहितीपर आहे, म्हटला तर माफीनामा. आधी माफीनाम्याचं सांगतो, म्हणजे माहिती कशासाठी गोळा केली ते कळेल.

गेल्या वर्षी मी जिमखाना कमिटीवर विद्यार्थी प्रतिनिधी होतो. आपल्या क्रिकेट टीमला शिकवणारे सर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, निदान त्यांचा आवाज तरी ऐकलाय. पहाटे साडेपाचला, आपण हॉस्टेलवाले साखरझोपेत असताना, ग्राउंडवरून "डावा खांदा, डावा खांदा!" अशी जी आरोळी येते ती त्यांचीच. वसईतल्याच एका बँकेत ते नोकरी करतात. सकाळी पावणेदहाला बँकेत, संध्याकाळी सहाला पुन्हा आपल्या ग्राउंडवर. कॉलेज त्यांना जे मानधन देतं, ते ऐकलंत तर तुम्हाला वाटेल एखादं शून्य लिहायचं राहिलं असेल.

तर झालं असं, की सलग तिसऱ्या वर्षी आपली टीम पहिल्याच राउंडला हरली. हॉस्टेलवर चर्चासत्रं रंगली. मेसमध्ये, गच्चीवर, अंबाडी रोडच्या टपरीवर... सगळ्यांचं एकमत झालं की कोच बदलायला हवा. आयडिया अशी, की सरांच्या मानधनाचे पैसे आणि वर थोडी वर्गणी घालून मुंबईच्या एखाद्या माजी रणजी खेळाडूला पंधरा दिवसांच्या कँपला बोलवायचं. नाव मोठं, बॅनर मोठं, फोटो मोठे! नोट लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी सरांचा बायोडेटा मागवला. तीन ओळींचा होता: शाळेची टीम, क्लब क्रिकेट, बँकेची टीम. प्रथम श्रेणीचे सामने: शून्य.

मी नोटमध्ये ठोकून दिलं, "सध्याच्या प्रशिक्षकांना उच्च दर्जाच्या क्रिकेटचा अनुभव नसल्याने संघाची प्रगती खुंटली आहे." वाक्य लिहिल्यावर मला फार भारी वाटलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

जिमखान्याचे प्रभारी प्राध्यापक इंजिनिअर माणूस. त्यांनी नोट वाचली आणि म्हणाले, "हे विधान झालं. डेटा कुठाय? ज्यांना सगळे मोठे कोच म्हणतात ते स्वतः काय खेळले होते, ते काढून आण. मग मीटिंगमध्ये ठेवू." मला वाटलं, एका संध्याकाळचं काम आहे. त्या संध्याकाळच्या तीन संध्याकाळी झाल्या, आणि माझी नोट माझ्याच हातात विरघळत गेली. त्या तीन संध्याकाळींत जे हाती लागलं ते पुढे देतोय.

पहिलं नाव, आणि पहिला धक्का

मुंबईत क्रिकेटचा कोच म्हटलं की पहिलं नाव रमाकांत आचरेकर सरांचं. १९३२ साली जन्म, मूळचे मालवणकडचे. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, अजित आगरकर, रमेश पोवार... त्यांच्या हाताखालून गेलेल्या भारतीय खेळाडूंची यादी करायला बसलात तर एक अख्खी टीम होऊन वर राखीव खेळाडू उरतील. १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० साली पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले, आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, शिवाजी पार्कला त्यांच्या स्मारकाचं अनावरण झालं.

आता त्यांचा स्वतःचा रेकॉर्ड बघा. प्रथम श्रेणीचे सामने: एक. फक्त एक! १९६३-६४ च्या मोसमात हैदराबादच्या मोईनुद्दौला गोल्ड कप स्पर्धेत स्टेट बँकेकडून ते खेळले, तेवढंच. म्हणजे माझ्या नोटचा नियम लावला असता तर आचरेकर सरांना मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरूनच परत पाठवलं असतं.

त्यांची नोकरी कुठे? स्टेट बँकेत. ही गोष्ट जरा समजावून सांगायला हवी, कारण आपल्या पिढीला आयपीएलचे लिलाव माहीत, पण जुन्या मुंबईतला खेळाडू जगायचा कसा हे माहीत नाही. तेव्हा क्रिकेटमध्ये पोट भरण्याइतके पैसे नव्हते. बँका आणि कंपन्या चांगल्या खेळाडूंना नोकरी द्यायच्या, सरावाला सवलत द्यायच्या, आणि त्या बदल्यात खेळाडू ऑफिसच्या टीमकडून टाइम्स शील्डसारख्या स्पर्धा खेळायचा. भारताला १९७१ साली वेस्ट इंडिज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकून देणारे कॅप्टन अजित वाडेकर हेसुद्धा स्टेट बँकेतलेच. सुनील गावसकर निरलॉनमध्ये होते. मुंबईच्या क्रिकेटचा पाया असा मैदानाइतकाच ऑफिसातही घातला गेलाय. सकाळी मैदान, दिवसा टेबल, संध्याकाळी पुन्हा मैदान. मोठं नाव नसलेले, पण पंचवीस-तीस वर्षं रोज बॅट आणि बॉल पाहिलेले शेकडो लोक या व्यवस्थेने तयार केले. शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदानावर पोरांना शिकवणारे कोच त्यांच्यातूनच आले.

हे वाचताना मला आपल्या सरांचं पावणेदहाचं टेबल आठवलं. पण अजून मी हार मानली नव्हती.

आचरेकर सर नेमकं करायचे काय?

एक सामना खेळलेला माणूस एवढी मुलं घडवतो, म्हणजे काहीतरी पद्धत असणार. सचिनने स्वतः अनेकदा सांगितलेल्या गोष्टींतून ती दिसते.

पहिली गोष्ट, सामने. नेटमध्ये तासन्‌तास बॅट फिरवण्यापेक्षा आचरेकर सर मुलांना जास्तीत जास्त सामने खेळायला लावत. स्कूटरवर मागे बसवून ते सचिनला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, का तर एकाच दिवसात जास्त वेळा बॅटिंग मिळावी. मुलगा दमला की स्टंपवर एक रुपयाचं नाणं. आउट केलं त्याचं नाणं, नॉटआउट राहिला तर सचिनचं. ही नाणी सचिनने जपून ठेवलीत.

दुसरी गोष्ट, शाळा. सचिनने शारदाश्रम विद्यामंदिरात जावं हा सल्ला त्यांचाच. तिथे क्रिकेटची टीम मजबूत होती, चांगले सामने मिळणार होते. पोराच्या हातात बॅट देण्याआधी कोचने त्याचं वेळापत्रक बदललं.

तिसरी गोष्ट, कौतुकाचा कंजूषपणा. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिनने सांगितलं, की सर एकोणतीस वर्षांत कधी "चांगला खेळलास" म्हणाले नाहीत, कारण मुलगा निवांत होईल ही धास्ती. आता ही पद्धत प्रत्येकाला मानवेल असं नाही, मला तर अजिबात मानवली नसती. पण तिच्यामागे विचार होता.

यातली एकही गोष्ट करायला कसोटी खेळलेलं असण्याची गरज नाही. पण कुठला मुलगा कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखणारी नजर हवी, आणि वेळ हवा. भरपूर वेळ!

मग म्हटलं, अमेरिकेत बघू

माझा रूममेट जीआरईवाला. तो म्हणाला, "हे आपल्याकडचं झालं. अमेरिकेत कॉलेजच्या टीमचा कोच म्हणजे मोठा पगारदार माणूस असतो. तिथे असलं चालत नाही." झालं, दुसरी संध्याकाळ अमेरिकेत. तिथे क्रिकेट नाही, म्हणून त्याचा चुलतभाऊ म्हणता येईल असा बेसबॉल घेतला. कॉलेजच्या बेसबॉलमध्ये सगळ्यात यशस्वी कोच कोण, एवढंच शोधायचं ठरवलं.

नाव निघालं रॉड डेडो. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या टीमचे ते १९४२ पासून १९८६ पर्यंत कोच होते. त्या काळात टीमने राष्ट्रीय विजेतेपद अकरा वेळा मिळवलं, त्यातलं १९४८ चं पहिलं दुसऱ्या एका कोचच्या जोडीने. १९७० ते १९७४ अशी तर सलग पाच वर्षं! टॉम सीव्हर, रँडी जॉन्सन, मार्क मॅकग्वायर हे तिथले मोठमोठे खेळाडू त्यांच्या हाताखाली शिकले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या बेसबॉल टीमचे कोचही तेच होते.

आणि ते स्वतः काय खेळले? मेजर लीग म्हणजे तिथली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा. त्यात डेडो १९३५ साली ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळले. सामने: दोन. पुढे पाठीच्या दुखापतीने खेळाडू म्हणून त्यांचं करिअर संपलं. मग त्यांनी ट्रकवाहतुकीचा धंदा काढला आणि तो चांगला वाढवला. १९४२ साली युनिव्हर्सिटीचे आधीचे कोच महायुद्धात नौदलात गेले म्हणून यांना बोलावणं आलं. धंदा सांभाळून ते कोच झाले, आणि पगार म्हणून वर्षाला नावापुरता एक डॉलर घेत राहिले. आमच्या जीआरईवाल्याचा 'मोठा पगारदार माणूस' तो हा.

मुंबईत बँकेतला माणूस आणि एक सामना. लॉस एंजेलिसमध्ये ट्रकवाला माणूस आणि दोन सामने. मी रूममेटकडे बघितलं, रूममेटने जीआरईच्या पुस्तकात डोकं घातलं.

आपल्याच लाइनवरची गोष्ट

तिसऱ्या संध्याकाळी शोध घराजवळ आला. आपल्या वसई रोड स्टेशनवरून जाणाऱ्या गाड्यांनी भारतीय क्रिकेटला किती दिलंय याचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा. पृथ्वी शॉ विरारचा. तिथून रोज बांद्र्याच्या शाळेत जायचा आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या एका सामन्यात त्याने ५४६ धावा काढल्या. शार्दूल ठाकूर त्याहून पुढचा, पालघरचा. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावायला लागली २०१३ साली. शार्दूल शाळकरी असताना ती नव्हतीच. किट बॅग घेऊन पहाटेच्या गाडीत घुसणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको.

या शार्दूलचे कोच दिनेश लाड. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये ते शिकवत. त्यांनी शार्दूलला दुसऱ्या शाळेकडून खेळताना पाहिलं, आपल्या शाळेत ये म्हणाले. घरच्यांना प्रवासाची काळजी. दहावीचं वर्ष, पालघर ते बोरिवली रोज कसं जमणार? तेव्हा लाड सरांनी त्याला आपल्या स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पुढे याच शाळेकडून खेळताना शार्दूलने एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले.

त्याच्या काही वर्षं आधी लाड सरांनी आणखी एका मुलाला हेरलं होतं. तो काकांकडे राहायचा आणि ऑफ स्पिन टाकायचा. शाळेची फी परवडत नव्हती म्हणून सरांनी शाळेकडे शब्द टाकून त्याची फी माफ करून घेतली. मग एक दिवस त्याला बॅटिंगचा सराव करताना पाहिलं आणि खालच्या नंबरवरून उचलून थेट ओपनिंगला पाठवलं. तो मुलगा म्हणजे रोहित शर्मा! २०२२ साली दिनेश लाड यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाची वाटली ती फी. कव्हर ड्राइव्ह शिकवणारे पुष्कळ आहेत. हा मुलगा उद्या का येणार नाही, त्याच्या घरी काय अडचण आहे, गाडी कितीची आहे, हे ज्याला माहीत असतं तो कोच.

उलट बाजू

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे जो खेळला नाही तोच चांगला कोच! तर तसं नाही. मीही उत्साहात हाच निष्कर्ष काढला होता, पण प्रभारी सरांनी लगेच विचारलं, "विरुद्ध उदाहरणं शोधलीस का?"

शोधली. चंद्रकांत पंडित. आचरेकर सरांचे विद्यार्थी, विकेटकीपर, भारताकडून पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने खेळलेले. कोच म्हणून त्यांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ अशी तीन वेळा रणजी जिंकून दिली. तेवढ्यावर थांबले असते तर आपण म्हटलं असतं, मुंबई काय, जिंकतेच! पण नंतर ते विदर्भाकडे गेले. विदर्भाने तोवर रणजी कधीच जिंकली नव्हती. त्यांनी २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. मग मध्य प्रदेश. तिथली गोष्ट तर सिनेमासारखी आहे. १९९८-९९ च्या रणजी फायनलला मध्य प्रदेशचे कॅप्टन खुद्द पंडित होते आणि बंगळुरूला चिन्नास्वामी स्टेडियमवर पहिल्या डावात आघाडी घेऊनही त्यांची टीम कर्नाटककडून हरली. तेवीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच मैदानावर मध्य प्रदेशने रणजी जिंकली, तीही मुंबईला हरवून. कोच पंडित. त्या दिवशी कडक शिस्तीचा हा माणूस मैदानावर रडला.

म्हणजे मोठा खेळाडूही मोठा कोच होऊ शकतो. मग नियम काय? मला असं वाटतं, की खेळणं आणि शिकवणं हे दोन वेगळे पेपर आहेत. एकात पास झालात म्हणून दुसऱ्यात ग्रेस मिळत नाही, आणि एकात केटी लागली म्हणून दुसऱ्याला बसायला मनाई नाही. पंडितांनी दोन्ही पेपर दिले. आचरेकरांनी पहिल्याला जेमतेम हजेरी लावली आणि दुसऱ्यात बोर्डात आले.

वासू परांजपे यांचं उदाहरण मधलं आहे. मुंबई आणि बडोद्याकडून एकोणतीस प्रथम श्रेणी सामने, आकडे साधारण. पण दादर युनियनचे कॅप्टन म्हणून आणि नंतर गुरू म्हणून कित्येक पिढ्यांच्या खेळाडूंनी त्यांचं ऐकलं. गावसकरांना 'सनी' हे नाव त्यांनीच दिलं. ऑगस्ट २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा श्रद्धांजली वाहणाऱ्यांची यादी वाचली तरी त्यांचा खरा स्कोअर कळतो.

पॅड बांधून बसलेला मुलगा

आता शेवटचं नाव, आणि माझ्या नोटचा खऱ्या अर्थाने निकाल लावणारं. फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमकडून सचिन आणि कांबळी खेळतायत. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण पुढच्या नंबरचा बॅट्समन पॅड बांधून बाहेर बसला होता. त्याची बॅटिंग आलीच नाही. तो अमोल मुझुमदार.

फेब्रुवारी १९९४ मध्ये फरिदाबादला हरियाणाविरुद्ध मुंबईकडून पदार्पणातच त्याने २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातला तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. पुढे २००६-०७ मध्ये त्याच्या कॅप्टनशिपखाली मुंबईने रणजी जिंकली. २०१४ साली निवृत्त झाला तेव्हा प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, तीस शतकं. आणि भारताकडून सामने: शून्य! सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या काळात जन्माला आला, एवढाच त्याचा गुन्हा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ते (आता 'ते' म्हणायला हवं) भारतीय महिला संघाचे मुख्य कोच झाले. २०२५ च्या विश्वचषकात त्यांची टीम लीगमध्ये लागोपाठ तीन सामने हरली. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये तेव्हा आपणच "कोच बदला" म्हणून ओरडत होतो, आठवतंय? त्यानंतर सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार केल्या, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. महिला संघाचा हा पहिलाच विश्वचषक. सामना संपल्यावर कॅप्टन हरमनप्रीत कौर वाकून कोचच्या पाया पडली. तो फोटो आपल्या टीव्ही रूममध्ये अजून चिकटवलेला आहे.

पॅड बांधून वाट बघणं म्हणजे काय, हे त्या ड्रेसिंग रूममध्ये त्यांच्याइतकं कुणाला कळत असेल? टीममधल्या ज्या मुलीला खेळायची संधी मिळत नाही तिच्याशी काय बोलावं हे पुस्तकात नसतं.

कोच निवडताना काय बघायचं?

आपल्याच भाषेत सांगतो. फर्स्ट इयरला वर्कशॉप आठवा. फिटिंगच्या जॉबवर आपण कानस घासत बसतो आणि कडा काही सपाट होत नाही. जॉब बिघडवायचे आपले जितके प्रकार असतात, ते सगळे वर्कशॉपच्या इन्स्ट्रक्टर सरांनी आधीच पाहिलेले असतात. ते लांबून नुसता आवाज ऐकून सांगतात, "कोपर वर ठेव." शंभर पोरांनी शंभर प्रकारे केलेली चूक ज्याने पाहिलीय, त्याला ती दुरुस्त करता येते. ज्याच्या हातून ती चूक कधी झालीच नाही, त्याला ती दिसेलच असं नाही.

शिवाय शिकवणं हे शिकताही येतं. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून कोचिंग शिकवतात. क्रिकेटमध्ये बीसीसीआयचे टप्प्याटप्प्याचे कोर्स आहेत. १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या तीन मानकऱ्यांत पी. टी. उषाचे कोच ओ. एम. नंबियार होते. हवाई दलातली नोकरी, मग पतियाळाचा डिप्लोमा, मग कन्नूरचं क्रीडा वसतिगृह, हा त्यांचा प्रवास.

म्हणून माझ्या मते कोचचा बायोडेटा असा वाचावा. किती सामने खेळले, हा प्रश्न असू द्या, पण शेवटी. आधी विचारा: किती वर्षं शिकवतायत? रोज किती वेळ देतात? त्यांच्याकडे आलेला मुलगा दोन वर्षांनी काय करतोय? हरलेल्या पोराशी ते काय बोलतात? मुलाच्या घरची, अभ्यासाची, प्रवासाची त्यांना काही माहिती आहे का? आणि पंधरा दिवसांचा कँप संपल्यावर सोळाव्या दिवशी सकाळी ग्राउंडवर कोण असेल?

नोटचं पुढे काय झालं

मीटिंगच्या आधी मी नोट मागे घेतली. पण ती तोवर फाइलला लागली होती, आणि सर मस्टरवर सही करायला ऑफिसात आले तेव्हा त्यांनी ती वाचली होती. हे मला क्लार्ककडून कळलं. दोन दिवस मी ग्राउंडच्या बाजूने जायचंच टाळलं, मेसला मागच्या गेटने गेलो. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून गेलो आणि म्हटलं, "सर, मी जे लिहिलं..."

ते विकेटवर पाणी मारत होते. म्हणाले, "लिहिलंस त्यात खोटं काय आहे? शून्यच आहेत." मग पाइप माझ्या हातात दिला आणि विचारलं, "स्कोअरिंग येतं का तुला? आमचा स्कोअरर पास होऊन गेला."

तेव्हापासून मी टीमचा स्कोअरर आहे. सरांची एक वही आहे, दोनशे पानी, ती आता मला बघायला मिळते. प्रत्येक मुलाच्या नावाने एक पान. त्यात खांदा, पाय, ग्रिप हे सगळं आहेच. पण त्याखाली हेही आहे: "सोमवारी व्हायवा, नेट नको." "नालासोपाऱ्याहून येतो, पावसात गाडी बंद पडली की बोलू नये." "एम-टू राहिलाय, डिसेंबरपर्यंत फक्त शनिवारी." एका पानावर नुसतंच लिहिलंय, "मेसचं बिल?" ते पान कुणाचं हे सांगणार नाही, पण त्या मुलाचं त्या महिन्याचं बिल भरलं गेलं होतं एवढं मला माहीत आहे.

टीम या वर्षी दुसऱ्या राउंडला हरली. पहिला राउंड जिंकलो, ही प्रगती की खुंटलेली प्रगती हे तुम्ही ठरवा! कमिटीने मानधन चालू ठेवलंय, थोडं वाढवलंयही, आणि नवीन नेटसाठी पैसे मंजूर केलेत. माजी रणजी खेळाडूला बोलवायची कल्पना वाईट नव्हतीच. पुढच्या वर्षी एका दिवसासाठी कुणाला तरी बोलवूया, आणि त्या दिवसाचं वेळापत्रक सरांनाच ठरवू द्या.

स्टाफला एक विनंती आहे. जिमखान्याच्या बोर्डावर आपण जिंकलेल्या टीमचे फोटो लावतो. त्यात आजवर शिकवून गेलेल्या कोचची नावं, नोकरी आणि वर्षं लिहिलेला एक छोटा फलक लावता येईल का? माहिती गोळा करायला मी तयार आहे, आता सवय झालीय. आणि हॉस्टेलवाल्यांनो, नेट सकाळी साडेपाच ते साडेसात सगळ्यांसाठी उघडं असतं. खेळता येत नसेल तरी या, पाणी मारायला एक माणूस कमीच पडतो.